आजच्या कारागिरांच्या तलवारी संग्रहालयात : प्रदर्शनासाठी पाठबळ कसे उभे करावे

संग्रहालयात तलवार असणे यात नवल नाही. नवल आहे ते गेल्या वर्षी भट्टीतून निघालेली तलवार तिथे असण्याचे. जुन्या शस्त्राला वयाचा, एखाद्या लढाईचा, राजघराण्याचा किंवा उत्खननाचा आधार असतो आणि त्या आधारावर ते काचकपाटात जाऊन बसते. हयात कारागिराने स्वतःच्या हाताने घडवलेल्या तलवारीपाशी यांतले काहीच नसते, म्हणून तिच्यामागे माणसे उभी करावी लागतात. ती कोणती माणसे, कोणत्या क्रमाने आणि त्यांच्याकडून नेमके काय मागायचे, याची मांडणी या लेखात केली आहे.

उत्साही मंडळी सर्वांत आधी सह्यांची मोहीम हाती घेतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत कमी उपयोगाचे काम आहे. संग्रहालयाच्या संचालकासमोर पाचशे तलवारप्रेमींच्या सह्या ठेवल्या, तर त्याला एवढेच कळते की तलवारप्रेमींना तलवारी आवडतात. त्याच्या मनातील प्रश्न वेगळे असतात : ही कला आहे की छंद? आपल्यावर हिंसेचे उदात्तीकरण केल्याचा ठपका येईल का? आपले दालन कोणाच्या विक्रीचे दुकान तर होणार नाही ना? कायदा काय म्हणतो? पाती गंजली तर जबाबदारी कोणाची? पैसा कोण देणार, आणि शेवटी पाहायला येणार कोण? कागदाच्या डाव्या बाजूला हे प्रश्न लिहावेत आणि उजव्या बाजूला, प्रत्येकासमोर, त्या प्रश्नाचे उत्तर अधिकारवाणीने देऊ शकेल अशा एका माणसाचे नाव. उजवी बाजू रिकामी असेपर्यंत संग्रहालयाची वेळ मागू नये. पुढचे सगळे काम ही बाजू भरण्याचेच आहे.

आधी प्रश्न, मग तलवारी

"आजच्या उत्तम तलवारी" हा प्रदर्शनाचा विषय होऊ शकत नाही. ती फार तर यादी होते. अभिरक्षकाला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या आणि प्रदर्शने मांडणाऱ्या क्युरेटरला, असा प्रश्न हवा असतो, जो घेऊन प्रेक्षक दालनात शिरेल आणि ज्याचे उत्तर वस्तूंमधूनच उलगडेल. यंत्राने निर्दोष पाती हजारोंनी निघत असताना माणूस महिनोन्महिने एकाच पात्यावर का घालवतो, हा एक प्रश्न झाला. लुप्त झालेली रीत पुन्हा हाती येते तेव्हा कारागीर नेमके काय शोधत असतो, हा दुसरा. जर्मनीतील झोलिंगेन येथील पात्यांच्या संग्रहालयात २०१५ साली स्वीडिश तलवारकार पीटर जॉन्सन यांच्या अभ्यासावर आधारलेले प्रदर्शन झाले. मध्ययुगीन युरोपीय तलवारीच्या आकारामागे भूमितीची काही शिस्त होती का, हा त्याचा गाभा होता आणि जुन्या तलवारींच्या सोबतीने त्यांनी स्वतः घडवलेल्या तलवारी तिथे ठेवल्या होत्या. नव्या तलवारीला तिथे नुसते देखणे असून भागत नव्हते; तिला एका युक्तिवादातील पुरावा म्हणून काम होते. अशा मांडणीला नकार देणे कोणत्याही अभिरक्षकाला जड जाते.

निवडलेला प्रश्न योग्य आहे की नाही, हे ताडून पाहण्याची सोपी रीत म्हणजे यादीतील कोणतीही एक तलवार मनातल्या मनात काढून टाकणे. तिच्या जाण्याने प्रश्न लंगडा पडत असेल, तर ती यादीत असावी. काहीच बिघडत नसेल, तर ती केवळ सुंदर आहे म्हणून तिथे आहे. मध्यम आकाराच्या दालनासाठी वीस ते तीस तलवारी पुरेशा होतात. तलवार लांब, चकचकीत आणि एकरेषीय वस्तू असल्यामुळे संख्या वाढली की प्रेक्षकाला सगळ्या सारख्याच दिसू लागतात. त्याऐवजी अर्धवट टप्पे मांडण्यावर भर द्यावा : पोलादाचा कच्चा गोळा, घडी घालून जोडलेली पट्टी, घणाखाली आकार घेतलेले पाते, पाणी देण्यापूर्वीचे (म्हणजे तापवून एकदम थंड करण्यापूर्वीचे) आणि नंतरचे पाते, अर्धे घासलेले आणि अर्धे काळे राहिलेले पाते. विश्वस्तांच्या बैठकीत पूर्ण तलवारीपेक्षा हे अर्धे काळे पातेच अधिक हातांतून फिरते, आणि त्याला धार नसल्यामुळे कोणाला भीतीही वाटत नाही.

"हाताने घडवलेली" म्हणजे काय, हे लेखी ठरवावे

कारागिरांमध्ये सर्वाधिक वाद याच शब्दावरून होतात आणि ते प्रदर्शनाच्या उंबरठ्यावर झाले तर सगळे मुसळ केरात जाते. यांत्रिक घण चालेल का? पट्ट्याच्या ग्राइंडरवर घासलेले पाते चालेल का? बाजारातून आणलेल्या पोलादी पट्टीला केवळ घासून आकार दिला असेल, ऐरणीवर ती कधी गेलीच नसेल, तर काय? मूठ दुसऱ्याने केली असेल, तर नाव कोणाचे? यांपैकी कोणतेही उत्तर स्वतःहून चुकीचे नाही. मात्र ते निवडीपूर्वी, एका पानावर, सर्वांच्या सहीने ठरलेले असावे. जपानी परंपरेत पाते घडवणारा, त्याला पॉलिश करणारा, म्यान करणारा आणि पात्याच्या मुळाशी बसणारी धातूची पट्टी घडवणारा हे वेगवेगळे कारागीर असतात, आणि फक्त लोहाराचे नाव माहितीफलकावर लिहिले तर ती अर्धवट माहिती ठरते. सर्व हातांची नावे लिहावीत. पाठबळाच्या दृष्टीनेही यात लाभ आहे, कारण एका तलवारीमागे चार कारागीर आणि त्यांची चार वर्तुळे उभी राहतात.

दर्जाची कसोटी शक्यतो प्रचलित मापदंडांवर बेतावी. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली संस्था आपल्या सभासदांची चाचणी घेते, तेव्हा एकाच सुरीने मोकळा लोंबणारा दोर एका वारात तोडावा लागतो, लाकडी तुळया तोडाव्या लागतात, त्यानंतरही त्याच धारेने केस भादरता यावे लागतात आणि शेवटी पाते शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवले तरी ते तुटून चालत नाही. ही चाचणी सुरीची आहे, तलवारीची नाही. पण कडक धार आणि लवचीक पाठ यांचा मेळ घालणे हीच दोन्हींची परीक्षा असल्यामुळे निवड समितीला तिच्याकडे बोट दाखवता येते. जपानमध्ये तलवार घडवण्यासाठी सरकारी परवाना लागतो, त्याआधी परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि १९५५ साली ताकाहाशी सादात्सुगु हे "जिवंत राष्ट्रीय ठेवा" म्हणून गौरवले गेलेले पहिले तलवारकार ठरले. हयात तलवारकाराला राष्ट्रीय ठेवा मानण्याची प्रथा जगात सात दशकांपासून आहे, हे एक वाक्य "ही कला आहे का?" या प्रश्नासमोर लिहून ठेवावे.

निवड समितीत प्रदर्शनात भाग घेणारा एकही कारागीर नसावा. जुन्या शस्त्रांचा एखादा अभ्यासक, धातुकामाशी संबंध असलेला पण तलवारी न घडवणारा एखादा कलावंत आणि संग्रहालयाचा एक प्रतिनिधी, असे तिघे पुरतात. नाकारलेल्यांना नकाराचे कारण दोन ओळींत कळवावे. नाराज कारागीर गप्प बसला तरी पुढे त्याचे गिऱ्हाईक आणि मित्र गप्प बसत नाहीत.

वर्तुळाबाहेरची पत्रे

पाठिंब्याचे पत्र जितके तलवारींच्या जगापासून दूर असलेल्या माणसाचे, तितके ते वजनदार. पहिले पत्र धातुशास्त्रज्ञाचे मिळवावे आणि ते मिळवणे वाटते तितके अवघड नाही, कारण या शास्त्राचे आणि पात्यांचे नाते जुने आहे. मायकेल फॅरेडे यांनी विद्युतशास्त्रातील शोधांच्या आधी, १८१९ च्या सुमारास, भारतातून येणाऱ्या वुट्झ या लहरदार पाती देणाऱ्या पोलादाचा अभ्यास केला होता. त्याच पोलादावरील लहरी कशा उमटतात, हे कोडे विसाव्या शतकाच्या अखेरीस सुटत गेले ते शास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि घोड्यांचे नाल ठोकणारे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांच्या जोडीने केलेल्या प्रयोगांतून. लोहारावाचून तो अभ्यास पुढे गेला नसता आणि शास्त्रज्ञावाचून त्या लहरींमागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश असतो, हे ध्यानात आले नसते. अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाला ही हकिकत सांगून, प्रदर्शनातील एका पात्याच्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्र काढून देण्याची विनंती करावी. पत्र, छायाचित्र आणि एक संध्याकाळचे व्याख्यान असे तिन्ही बहुधा एकाच भेटीत मिळतात.

त्यानंतर कला महाविद्यालय, रंगभूमीसाठी शस्त्रे आणि सामान तयार करणारे, ऐतिहासिक तलवारबाजी शिकवणारे, शाळांमध्ये इतिहास शिकवणारे शिक्षक आणि जुन्या शस्त्रांच्या संग्रहाचे अभिरक्षक यांच्याकडे जावे. शेवटच्या गटाला विसरू नये. आपल्या संग्रहातील तीनशे वर्षांपूर्वीची तलवार कशी घडवली असेल, हे त्यांना पुस्तकांतून पूर्ण कळत नाही. ते आजचा लोहार दाखवू शकतो, आणि याची जाण असलेला अभिरक्षक दुसऱ्या अभिरक्षकाला जे पटवून देतो ते आपण दहा भेटींत पटवू शकत नाही.

पत्र कसे असावे, याबाबत दोनच गोष्टींचा आग्रह धरावा. ते एका पानाचे असावे, आणि त्यात लिहिणारा स्वतः काय करणार आहे ते स्पष्ट असावे. "हा उपक्रम अत्यंत स्तुत्य आहे" या वाक्याची किंमत शून्य आहे. "मी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या घेऊन येईन आणि त्यांच्याकडून मुठींच्या रचनेवर अभ्यासचित्रे करून घेईन" हे वाक्य संग्रहालयाच्या शिक्षणविभागाला थेट वापरता येते. तयार मसुदा मात्र कोणालाही देऊ नये. सारख्या शब्दांची आठ पत्रे एकत्र वाचली की ती आठही एकाच हाताची वाटतात, आणि चांगल्या माणसाच्या मनापासूनच्या शब्दांवरही संशय येतो. प्रदर्शनाचा दोन पानी आराखडा, वस्तूंची यादी आणि आपण त्यांच्याकडेच का आलो हे सांगणारी एक ओळ, एवढेच त्यांच्या हाती द्यावे.

संग्रहालयाच्या दारात

पहिली भेट संचालकाशी असावी असा सर्वांचा समज असतो. शक्य असेल तर ती अभिरक्षकाशी किंवा जतनतज्ज्ञाशी व्हावी, कारण संचालक अखेरीस त्यांनाच विचारतो आणि आधी न विचारलेला माणूस सहसा "अवघड आहे" असेच म्हणतो. भेटीला जाताना तलवार सोबत नेण्याचा मोह आवरावा. पूर्वसूचनेवाचून लांब पिशवी घेऊन सुरक्षारक्षकासमोर उभे राहणे हा संबंध सुरू करण्याचा उत्तम मार्ग नव्हे. मोठी, स्वच्छ छायाचित्रे आणि वर सांगितलेल्या टप्प्यांपैकी एखादा धार नसलेला तुकडा पुरेसा आहे, आणि तोही आधी कळवून न्यावा.

जतनतज्ज्ञासमोर जाताना त्याचा विषय थोडा तरी जाणून जावे. पॉलिश केलेल्या पोलादाला बोटांच्या ठशांतील क्षार पुरेसे असतात. दोन दिवसांत तिथे तांबूस डाग उमटतो, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि प्रत्येक हाताळणीनंतर पुसणी हा नियम. पोलादाला कोरडी हवा मानवते, तर मुठीचे लाकूड, चामडे, शिंग किंवा रेशीम फार कोरड्या हवेत आक्रसते आणि तडकते. एकाच वस्तूत दोन परस्परविरोधी गरजा असल्यामुळे सापेक्ष आर्द्रता किती ठेवायची, हा निर्णय त्याच्यावर सोपवावा, पण हा पेच आपल्याला माहीत आहे हे त्याला दिसले पाहिजे. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर देणे ही संग्रहालयांतील प्रचलित रीत आहे. काही कारागिरांना मात्र तेलच हवे असते आणि जपानी पात्यांच्या पॉलिशला तर अनोळखी हात लावणेही वर्ज्य असते, म्हणून प्रत्येक कारागिराकडून "काय लावावे आणि काय लावू नये" हे लेखी घेऊन यावे. ओक लाकडाची कपाटे ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतात आणि लोकरीच्या फेल्टमधील गंधकामुळे चांदीचे नक्षीकाम काळवंडते, हे तो जाणतोच. आपण आणलेल्या स्टँडमध्ये आणि अस्तरात ही द्रव्ये नाहीत, एवढे आपण सांगावे.

प्रकाशयोजनेचा मुद्दा आपणहून काढावा, कारण तलवारींची बहुतेक प्रदर्शने तिथेच फसतात. सपाट, पसरट उजेडात पाते आरशासारखे दिसते आणि प्रेक्षकाला स्वतःचा चेहराच दिसतो. पाणी देताना धारेलगत उमटलेली सीमारेषा किंवा घडीच्या पोलादातील लहरी पाहायच्या असतील, तर एका बिंदूतून येणारा, तिरका प्रकाश आणि गडद पार्श्वभूमी लागते, आणि पाहणाऱ्याला थोडे वाकून, डोके हलवून पाहता येईल अशा उंचीवर पाते ठेवावे लागते. मुठीवर रेशीम किंवा रंगीत चामडे असेल, तर तिथला प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवण्याची संग्रहालयांची पद्धत आहे. कारागिराला सोबत नेऊन हे एका टेबलदिव्याने पाच मिनिटांत प्रत्यक्ष दाखवता येते. आतापर्यंत सभ्यपणे ऐकणारा अभिरक्षक या क्षणी खुर्ची पुढे ओढतो.

आक्षेप टाळू नयेत, आमंत्रित करावेत

हिंसेचा आक्षेप येणारच. त्यावर "तलवार हे आता शस्त्र राहिलेलेच नाही" असे उत्तर देणारे पहिल्याच बैठकीत विश्वास गमावतात. तलवार माणूस मारण्यासाठी बनवलेली वस्तू आहे, हे माहितीफलकावर सरळ लिहावे आणि मग तिचे उरलेले चरित्र सांगावे. जपानमधील इसे येथील मंदिराची दर वीस वर्षांनी नव्याने उभारणी होते, तेव्हा हयात कारागिरांकडून ६० तलवारी नव्याने घडवून देवतेला अर्पण केल्या जातात. या तलवारी कधी लढण्यासाठी नसतातच. १९४३ साली, ऐन महायुद्धात, ब्रिटनच्या राजाच्या आज्ञेने स्टालिनग्राडच्या रहिवाशांसाठी मानाची तलवार घडवण्यात आली. ती पाठवण्यापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लोकांना पाहण्यासाठी ठेवली, तेव्हा दर्शनासाठी रांगा लागल्या, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तेहरान परिषदेत चर्चिल यांनी ती स्टालिन यांच्या हाती दिली. नव्याने घडवलेली तलवार पाहायला सामान्य माणूस येतो का, या प्रश्नालाही हे उत्तर उपयोगी पडते.

याहून पुढे जाऊन, चाकूहल्ल्यांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला प्रदर्शनातील एक भिंत देऊ करावी. इंग्लंडमध्ये आल्फी ब्रॅडली या शिल्पकाराने पोलिसांकडे जमा झालेल्या सुमारे १ लाख सुऱ्यांपासून देवदूताचे प्रचंड शिल्प घडवले आणि ते गावोगावी नेण्यात आले. धातुकाम आणि हिंसेची चर्चा एकत्र नांदू शकतात, याचा तो पुरावा आहे. ज्याला आपण विरोधक समजत होतो तो प्रदर्शनाच्या आत उभा राहिला, तर विश्वस्तांची अर्धी चिंता तिथेच मिटते. काही कारागिरांना ही भिंत खटकेल. त्यांच्याशी बोलावे, पण मागे हटू नये.

विक्रीचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि माझ्या मते बहुतांश वेळा रास्तही आहे. संग्रहालयात मांडलेल्या वस्तूची बाजारातील किंमत वाढते. न विकलेला माल काचकपाटात ठेवून कोणी भाव वाढवून घेत असेल, तर संग्रहालयाची अब्रू जाते. यावर उपाय स्वच्छ आहेत. तीनचतुर्थांश तरी तलवारी आधीच विकल्या गेलेल्या, म्हणजे संग्राहकांकडून उसन्या घेतलेल्या असाव्यात. दालनात आणि कॅटलॉगमध्ये किमती नसाव्यात. प्रदर्शन संपून वस्तू परत जाईपर्यंत त्यांची विक्री होणार नाही, हे करारात लिहावे. आणि आयोजकांपैकी ज्याच्या मालकीची तलवार प्रदर्शनात असेल त्याने ते पहिल्याच पत्रात जाहीर करावे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता हितसंबंधांबाबत काटेकोर आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसाने तिचा उल्लेख आपणहून केला की समोरचा निर्धास्त होतो.

कायद्याबाबत एकच सर्वसाधारण सूत्र सांगता येते : प्रत्येक देशात तो वेगळा आहे आणि वाहतूक, बाळगणे, सीमा ओलांडणे व सार्वजनिक ठिकाणी मांडणे यांचे नियम एकमेकांहून वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्ये २००८ साली ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर बंदी आली, पण पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना त्यातून सूट मिळाली. म्हणजे "हाताने घडवलेली" या शब्दाला तिथे कायदेशीर अर्थ आला आणि कारागिराने आपली पद्धत कागदोपत्री सिद्ध करणे आवश्यक झाले. जपानी पात्याला नोंदणीपत्र असते आणि देशाबाहेर नेताना वेगळी परवानगी लागते. एका वकिलाकडून आणि पोलिसांकडून लेखी अभिप्राय घेऊन तो आराखड्याला जोडावा. हे काम रटाळ आहे. ते पहिल्या तीन महिन्यांतच उरकावे.

पैसा

वाहतूक, विमा, काचकपाटे, प्रत्येक तलवारीचा मापाचा आधार, प्रकाश, छायाचित्रे, माहितीफलक, सुरक्षा, कॅटलॉग आणि व्याख्यानांचा खर्च, एवढी शीर्षके मांडून वर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी धरावेत. विमा तलवार कारागिराच्या घरातून निघाल्यापासून ती परत त्याच्या हाती पडेपर्यंतचा असावा. केवळ दालनातील मुक्कामाचा विमा घेणाऱ्यांची पंचाईत नेमकी गाडीत होते. मापाच्या आधारांवर काटकसर करू नये, कारण पात्याचा तोल आणि धार न सांभाळणारा स्टँड हा तलवारीचा गंजापेक्षाही मोठा शत्रू असतो.

लोकवर्गणी करायची असेल, तर २०१५ सालचे जपानमधील उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हरवलेली, आसो मंदिराची "होतारुमारू" ही तलवार नव्याने घडवण्यासाठी इंटरनेटवर ५५ लाख येनचे आवाहन केले गेले आणि सुमारे साडेचार कोटी येन जमा झाले. ऐतिहासिक तलवारींना पात्रांचे रूप देणाऱ्या एका ऑनलाइन खेळामुळे तरुणांना, विशेषतः तरुणींना, या तलवारींचा लळा लागला होता, हे खरे कारण. पण आवाहनाची रचनाही अचूक होती. एक तलवार, तिची हरवण्याची कथा, ती घडवणारा माणूस आणि ती शेवटी कुठे जाणार ती जागा, एवढेच त्यात होते. "आमच्या प्रदर्शनाला मदत करा" या आवाहनात यांतले काहीच नसते. म्हणून संपूर्ण प्रदर्शनासाठी वर्गणी मागण्याऐवजी एका वस्तूसाठी मागावी : एका तलवारीचा आधार आणि प्रवास, एका कारागिराचे टप्प्याटप्प्याचे चित्रीकरण, किंवा प्रदर्शनासाठी खास घडवायची एकच तलवार. रक्कम अपुरी पडली तर काय होईल, तेही आवाहनातच लिहावे.

त्याच देशातले आणखी एक उदाहरण प्रेक्षकांविषयी आहे. २०१२ साली ओसाफुने येथील तलवार संग्रहालयात एका गाजलेल्या ॲनिमेशन मालिकेतील शस्त्रांवरून हयात कारागिरांनी घडवलेली पाती मांडण्यात आली आणि ते प्रदर्शन पुढे पॅरिस व माद्रिदपर्यंत गेले. परंपरेचे अभिमानी अशा गोष्टींना नाके मुरडतात. पण जो तरुण मालिकेसाठी आला त्याला पात्यावरील लहरी दिसल्या असतील, तर त्याने कोणत्या दाराने प्रवेश केला याला फारसे महत्त्व नाही.

प्रायोजक निवडताना पोलाद, अवजारे, छपाई किंवा प्रकाशयोजना या क्षेत्रांतील उद्योगांकडे पैशापेक्षा वस्तू आणि सेवा मागाव्यात. शस्त्रविक्रेत्यांचे नाव दालनाच्या दारावर नको. वर मांडलेली सगळी सावधगिरी त्या एका फलकाने वाया जाते.

वेळापत्रक आणि शेवटचे महिने

संग्रहालयाची दालने दोन-दोन वर्षे आधी ठरलेली असतात, त्यामुळे पहिल्या पत्रापासून उद्घाटनापर्यंत अठरा ते चोवीस महिने धरावेत. पहिले तीन महिने प्रश्न, व्याख्या, यादी आणि कायदेशीर अभिप्राय यांचे. पुढचे तीन-चार पत्रे आणि भेटींचे. त्यानंतर संग्रहालयाला लेखी प्रस्ताव. खास नवी तलवार घडवून घ्यायची असेल, तर कारागिराने सांगितलेल्या मुदतीत निम्मी वाढ करावी. पाणी देताना पाते तडकते, आणि ते तडकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात असते. त्यासाठी त्याला दोष देता येत नाही.

होकार मिळाल्यावर पाठिराख्यांना विसरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. दर महिन्याला एका परिच्छेदाचा वृत्तान्त पाठवावा, त्यात एक छायाचित्र आणि एक अडचणही असावी; अडचण वाचून मदत करणारे निघतात. प्रात्यक्षिकाची मागणी हमखास होते. दालनात आग पेटवता येत नाही, पण अंगण असेल आणि अग्निशमन विभागाची परवानगी मिळाली तर भट्टी बाहेर मांडता येते. अमेरिकेतील मेम्फिस येथे १९७९ साली सुरू झालेल्या धातुकलेच्या संग्रहालयात आवारातच लोहारशाळा आहे. आपल्याला तसे स्थान लाभले नाही, तर पॉलिश करणाऱ्या कारागिराला बसवावे. ते काम शांत आणि धूरविरहित असते, आणि प्रेक्षक त्याच्यासमोर सर्वाधिक वेळ उभे राहतात.

प्रत्येक तलवार स्वीकारताना आणि परत करताना कारागीर किंवा मालक व संग्रहालयाचा प्रतिनिधी यांनी एकत्र बसून स्थिती-अहवाल भरावा, पात्याच्या दोन्ही बाजूंची, अणीची आणि मुठीची छायाचित्रे जोडावीत आणि दोघांनीही सही करावी. जुना ओरखडा येताना नोंदवला नसेल, तर जाताना तो नवा ठरतो.